मागे टाका, पुढे पळा

चेंडू मागे टाकत टाकत पुढे जायचं, असा एक खेळ जगात आहे आणि तो मला शिकवायचा होता. नुसता खेळायचा असता तर पोटात दुखतंय म्हणून मी झोपून राहिलो असतो. पण शिकवायचा म्हटला की समोर वर्ग असतो, वर्गाच्या पाठीमागे परीक्षक असतात आणि पोटात खरोखरच दुखायला लागतं.

शारीरिक शिक्षणाच्या आमच्या अभ्यासक्रमात शेवटी एक मोठा पाठ घ्यावा लागतो. शाळेत जायचं, एक वर्ग ताब्यात घ्यायचा, त्याला एक खेळ शिकवायचा आणि प्राध्यापक बाई झाडाखाली उभ्या राहून ते सगळं पाहणार. खेळ कोणता ते चिठ्ठी ठरवते. मित्रांना व्हॉलीबॉल, रिले, लांब उडी अशा चार सज्जन माणसांत ऊठबस असलेल्या चिठ्ठ्या आल्या. माझी उघडली तर आत 'टॅग रग्बी'. मी लांब पल्ल्याचा धावपटू आहे. माझ्या खेळात चेंडू नाही, नियम नाहीत आणि दुसरा माणूस तर नाहीच नाही. दुसरा माणूस दिसलाच तर तो माझ्या पुढे गेलेला असतो, आणि त्याचं तोंड मला दिसत नाही.

या बाईंना आम्ही शिट्टीबाई म्हणायचो, अर्थात त्यांच्या मागे, आणि मागे म्हणजे बरंच मागे. शिट्टी त्यांच्या गळ्यात कायम असायची, अगदी स्टाफरूममध्ये चहा पितानाही. मी चिठ्ठी बदलून मागितली. त्यांनी माझ्याकडे पाहत एक बारीकशी शिट्टी वाजवली. त्याचा अर्थ 'पुढचा' असा होता, कारण माझ्या मागचा लगेच पुढे आला.

आता यात माझं काय अडलं होतं तेही सांगून टाकतो. मी या पाठात नापास झालो तर शिक्षण बंद आणि मामांच्या टाइल्सच्या दुकानात रुजू व्हायचं, असं बाबांचं आणि मामांचं ठरलं होतं. मामा माणूस उत्साही. माझा पाठ व्हायच्या आधीच त्यांनी दुकानाच्या निळ्या शर्टासाठी माझं माप मागवून घेतलं होतं. बाथरूमच्या टाइल्सबद्दल माझ्या मनात राग नाही. पण जन्मभर लोकांना 'ही घसरत नाही' असं सांगत उभं राहायचं या कल्पनेनं मला रडू यायचं, हे खरं आहे.

वाचनालयातून पुस्तक आणलं. खेळ तसा सोपा निघाला. लांबट चेंडू हातात धरून पळायचं आणि समोरची रेघ ओलांडायची. सोबत्याकडे चेंडू द्यायचा तो बाजूला किंवा मागे, पुढे टाकला की चूक. प्रत्येकाच्या कमरेला दोन पट्ट्या लटकवलेल्या असतात. चेंडूवाल्याची पट्टी कोणी ओढली की त्याने थांबायचं आणि चेंडू सोडायचा. ढकलाढकली नाही, धरपकड नाही. वाचून झाल्यावर मी स्वतःशी म्हणालो, एवढंच ना. माझ्या आयुष्यातली बहुतेक संकटं या दोन शब्दांपासून सुरू झालेली आहेत.

पहिलं संकट चेंडूचं. कॉलेजच्या खेळसाहित्याच्या खोलीत एक लांबट चेंडू असल्याचं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. भांडारपालांकडे मागितला तर ते म्हणाले, असा चेंडू नाही. मी बोट दाखवलं. ते म्हणाले, दिसतोय, पण नाही. चौकशीअंती असं कळलं, की मागे कधीतरी तपासणी झाली तेव्हा हा फुटबॉल दबून वाकडा झालाय असा त्यांचा समज झाला आणि त्यांनी तो बिघडलेल्या सामानात घालून बाद करून टाकला. बाद झालेली वस्तू देता येत नाही. ती पुन्हा जमा करून घ्यायची तर ती आधी बाद का केली, याचं स्पष्टीकरण लागतं, आणि ते द्यायचं तर त्यांना फुटबॉल ओळखता येत नाही हे कागदावर येतं. शेवटी भांडारपाल कपाटाकडे तोंड करून उभे राहिले आणि मी जगात नसलेला तो चेंडू शर्टाखाली घालून बाहेर पडलो. फाटकावरच्या रखवालदाराने माझ्या पोटाकडे पाहिलं, मग माझ्या काडीसारख्या पायांकडे पाहिलं आणि डॉक्टरला दाखवून घे म्हणाला. मी हो म्हटलं आणि त्याचे आभार मानले.

घरी बाबांनी खेळ समजून घेतला. बाबांचा जन्म हिशेबतपासणीच्या ऑफिसात गेला. पुढे जाण्यासाठी चेंडू मागच्याकडे द्यायचा, हे ऐकल्यावर त्यांचा चेहरा उजळला. ही पद्धत आमच्याकडे होतीच, म्हणाले. आम्ही फायली अशाच चालवायचो, फक्त पळत नव्हतो. आई म्हणाली, शिकवायचंच आहे तर आधी आम्हाला शिकव. आम्हाला कळलं तर जगात कोणालाही कळेल. तिच्या बोलण्यात तथ्य होतं, आणि माझ्याकडे दुसरा वर्ग नव्हता.

आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये 'येथे चेंडू खेळण्यास सक्त मनाई आहे' असा फलक आहे. तो सेक्रेटरींनी स्वतः रंगवून घेतला आहे आणि त्यातल्या 'सक्त'वर त्यांचा फार जीव आहे. मी त्यांच्याकडे तोंडी परवानगी मागितली, त्यांनी लेखी अर्ज मागितला. अर्ज दिला तर तो कमिटीपुढे ठेवावा लागेल म्हणाले. कमिटी कधीच पुरेशी जमत नाही, ही आमच्या इमारतीची जुनी तक्रार. पण कोणीतरी वाकडा चेंडू आणलाय ही बातमी लागताच सगळी कमिटी चपला घालून खाली हजर झाली. सेक्रेटरींच्या देखरेखीखाली खेळावं, असा ठराव उभ्याउभ्याच झाला. देखरेख म्हणून आलेले सेक्रेटरी पाचव्या मिनिटाला चेंडू मागू लागले आणि दहाव्या मिनिटाला आपण कर्णधार असल्याचं त्यांनी जाहीर केलं.

कमरेच्या पट्ट्यांचा प्रश्न आईने सोडवला. जुने पडदे फाडून पट्ट्या केल्या आणि त्या अडकवायला कपडे वाळत घालायचे चिमटे. चिमट्याची पकड अशी, की ओढली की पट्टी सुटते आणि कपडाही फाटत नाही. माझ्या आईला या गोष्टीसाठी बक्षीस मिळायला हवं होतं. पण आमच्या घरातले चिमटे पुरेनात, म्हणून तिने दारोदार जाऊन ते गोळा केले, आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंनी तर मागचापुढचा विचार न करता दोरीवरचेच काढून दिले. दुपारी वारा सुटला. काकांची ऑफिसची पँट उडाली ती थेट सेक्रेटरींच्या गाडीच्या काचेवर बसली, नेमकी ते गाडी मागे घेत असताना. गाडी खांबाला लागली. फार नाही, दिव्यापुरती. पँट कोणाची आणि दिवा कोणाचा यावरून भांडायला काकू तणतणत खाली उतरल्या. सेक्रेटरींच्या बाजूला गडी पुरेसे आहेत आणि समोरच्या बाजूला एक माणूस कमी आहे, हे पाहिल्यावर त्यांनी कनवटीला पट्ट्या खोवल्या. भांडण खेळातच मिटवू म्हणाल्या.

इथून पुढे शिकवणं माझ्या हातात राहिलं नाही. अडचण अशी आली, की चेंडू बाबांकडे होता आणि बाबा पळत नव्हते. ते चेंडू काखेत धरून, ऑफिसातून घरी येताना चालायचे तसे, शांतपणे रेघेकडे चालले होते. मी शिट्टी वाजवून ओरडलो, पट्टी ओढा, पट्टी ओढा. कोणी ओढेना. सेक्रेटरी त्यांच्या शेजारून अदबीने चालत होते. बाबा रेघेपार गेले, गुण मिळाला आणि मी चिडून विचारलं, ओढली का नाही? सेक्रेटरी म्हणाले, असं कसं, वयाने मोठे आहेत. न विचारता कमरेला हात घालायचा म्हणजे काय?

मग सगळे बसले आणि त्यांनी खेळाला शिस्त लावली. मसुदा बाबांनी तयार केला. पट्टी ओढण्याआधी 'माफ करा काका' किंवा 'माफ करा काकू' म्हणावं, आणि समोरच्याने मान हलवली की मगच ओढावी. ज्याची कंबर धरलेली असेल त्याने पट्टी खांद्यावर लावावी, म्हणजे कोणाला वाकायला नको. दम लागला तर कोणीही 'थांबा' म्हणावं, की सगळ्यांनी जागच्या जागी उभं राहावं. ही शेवटची सुधारणा काकूंची, आणि त्यांनी तिचा वापर अत्यंत धूर्तपणे केला. सेक्रेटरी रेघेच्या जवळ पोचले की काकूंना दम लागायचा. मी पुस्तक उघडून दाखवलं, की यातलं काहीच मूळ खेळात नाही. बाबा म्हणाले, पुस्तक लिहिणारा आपल्या इमारतीत राहत नाही.

रोज संध्याकाळी खेळ होऊ लागला. शिक्षक मी होतो, त्यामुळे माझं कोणी ऐकत नव्हतं. पण एक सांगायला हवं. खेळ रंगत असे. जिन्यात एकमेकांना पाहून तोंड फिरवणारी माणसं 'माफ करा काका' म्हणत एकमेकांच्या मागे पळत होती आणि मी शिट्टी वाजवत होतो. संध्याकाळ कधी होते याची मी वाट पाहू लागलो. पुस्तक मात्र त्यानंतर उघडायचं राहूनच गेलं.

पाठाचा दिवस उजाडला. शाळा माझीच जुनी शाळा होती. मी मैदानावर चुन्याच्या रेघा मारल्या, पट्ट्या आणि चिमटे मांडले, जगात नसलेला चेंडू मधोमध ठेवला. शिट्टीबाई आल्या, झाडाखाली उभ्या राहिल्या आणि त्यांनी घड्याळ पाहिलं. घंटा झाली. वर्ग काही आला नाही.

वर्ग कुठे असणार, हे मला ताबडतोब कळलं. आमच्या शाळेत गणिताचे एक सर आहेत. मुलं त्यांना पाचमिनिटे सर म्हणतात, आणि आम्हीही तेच म्हणायचो. खेळाचा तास आला की ते दारात उभे राहतात, फक्त पाच मिनिटं घेतो म्हणतात आणि पुढची घंटा होईपर्यंत गणितं सोडवून घेतात. शाळेत असताना माझे किती खेळाचे तास त्यांनी असे गिळले याची गणती नाही. मी लांब पल्ल्याचा धावपटू झालो तो शाळा सुटल्यावर एकटा पळालो म्हणून.

मी तावातावाने वर्गापर्यंत गेलो. आज सरांना स्पष्ट सांगायचं, असं जिन्यात दोनदा घोकलंही. दारात पोचलो. सर फळ्यावर अपूर्णांक लिहीत होते. त्यांनी वळून चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या तोंडून निघालं, "सर, आत येऊ का?"

"उशीर झाला," सर म्हणाले. "मागे बस."

आणि मी मागे बसलो. मला आजही याची लाज वाटते. गळ्यात शिट्टी, अंगात ट्रॅकसूट, आणि मी शेवटच्या बाकावर गुडघे मुडपून बसलो. शेजारच्या मुलाने वहीचं पान फाडून माझ्यापुढे सरकवलं. सरांनी गणित घातलं आणि मी ते उतरवूनही घेतलं. एका हौदात दोन नळ पाणी सोडत होते आणि तिसरा ते बाहेर काढत होता. खिडकीतून मैदान दिसत होतं. माझ्या पांढऱ्या रेघा, मधला चेंडू, आणि झाडाखाली एकट्या उभ्या शिट्टीबाई. त्यांनी पुन्हा घड्याळ पाहिलं आणि पर्समधून पेन काढलं.

तो हौद कधी भरेल ते मला येत नव्हतं, पण ते पेन कागदाला लागलं की मी निळ्या शर्टात गेलो, एवढं गणित मला सुटलं. मी उभा राहिलो. उठताना बाक माझ्याबरोबर थोडा उठला आणि आपटला. सगळा वर्ग वळला.

"सर," मी म्हणालो. आवाज फाटला, म्हणून पुन्हा म्हणालो. "सर, हा तास माझा आहे."

"पाच मिनिटं," सर म्हणाले.

"नाही सर. पाच मिनिटंही नाही. मला हा वर्ग हवा आहे."

मी एवढंच बोललो. मुद्देसूद असं काहीच बोललो नाही. जिन्यात घोकलेलं सगळं जिन्यातच राहिलं होतं. मी बाकाला धरून उभा होतो. सरांनी खडू ठेवला. फळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हात झटकत म्हणाले, हौद उद्या भरू. वर्गातून जो आवाज झाला तो शाळेच्या फाटकापर्यंत गेला असेल.

मैदानावर पोचलो तेव्हा अर्धा तास संपला होता. बाईंनी पेन उघडलेलंच ठेवलं होतं. मी समजावणं आटोपतं घेतलं, चिमटे वाटले, दोन गट केले आणि शिट्टी मारली. घाईत माणूस जे पाठ असतं तेच बोलतो. मीही तेच सांगितलं. चेंडू मागे टाका, पुढे पळा, आणि पट्टी ओढण्याआधी 'माफ करा काका' म्हणा.

एका मुलीने विचारलं, हा खरंच नियम आहे का? मी ठामपणे हो म्हणालो. त्या क्षणी मला दुसरा कुठला नियम आठवतच नव्हता. तासाचा उरलेला वेळ मी विसरणार नाही. बारा वर्षांची पोरं एकमेकांना गाठून 'माफ करा काकू' म्हणत होती आणि समोरचा मान हलवेपर्यंत हसून हसून गडबडा लोळत होता. ज्यांना खेळात कोणी घेत नसे, ती दोन जाडजूड पोरं काकांच्या रुबाबात चेंडू घेऊन चालली होती आणि मागे पोरांची रांग अदबीने माफी मागत चालली होती. कोणीतरी 'थांबा' म्हटलं, की सगळं मैदान पुतळ्यासारखं उभं. एक पट्टी उडाली ती बाईंच्या पायाशी पडली. मुलगा तिथे जाऊन म्हणाला, "माफ करा काकू," आणि त्यांनी मान हलवेपर्यंत थांबून राहिला. शिट्टीबाईंना तोंडावर काकू म्हणायची छाती त्याआधी कोणाची झाली नसावी. मी डोळे मिटून घेतले.

घंटा झाली. ती कोणी ऐकली नाही, मीही नाही. बाईंनी लांब शिट्टी मारली तेव्हा कुठे खेळ थांबला.

वर्ग गेल्यावर मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. त्या बराच वेळ लिहीत होत्या. मग म्हणाल्या, "हा टॅग रग्बी नाही."

"नाही बाई."

"हा कोणताच खेळ नाही. नियमांना मी शून्य दिलं आहे. वेळेला त्याहून कमी देता आलं असतं तर तेही दिलं असतं." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "पण या शाळेत माझे कितीतरी विद्यार्थी पाठ द्यायला आले. प्रत्येक वेळी वर्ग त्या सरांकडे असतो. सगळे मैदानावर उभे राहून मला सांगतात, बाई, वर्ग आला नाही, माझा काय दोष. वर्ग घेऊन आलेले तुम्ही पहिले. काठावर पास. आता घरी जा आणि पुस्तक वाचा."

मी धावत घरी गेलो. धावणं तेवढं मला येतं. पार्किंगमध्ये सगळी मंडळी पट्ट्या खोवून तयारच होती, पण कोणी खेळत नव्हतं. आई जिन्याच्या पायरीवर बसली होती. बाबांनी विचारलं, "किती?" मी सांगितलं, काठावर. काठावर पास होणं बाबांच्या हिशेबात बसत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. त्यांनी खिशातून फोन काढला आणि थोडे बाजूला गेले. मामांचा नंबर लावला असणार हे मला कळलं.

"हं, मीच बोलतोय," बाबा म्हणाले. "मुलगा दुकानात येणार नाही. नाही, नापास नाही. मास्तर झाला तो." मग पलीकडून बरंच बोलणं झालं असावं, कारण बाबा नुसते हं हं करत राहिले आणि मधेच त्यांनी चष्मा काढून पुसला. "ते सगळं ठीक आहे," ते म्हणाले, "पण तू आत्ता निघ आणि इकडे ये. आमच्या बाजूला एक गडी कमी पडतोय, आणि सर आलेत, उशीर चालत नाही त्यांना."